टुटू हा कामाचाच पोशाख

गेल्या महिन्यात आमच्याकडे कार्यकर्त्यांचा एक दिवसाचा अभ्यासवर्ग झाला. विषय होता निवृत्तिवेतन आणि कामगार चळवळ. देशोदेशींच्या संपांची काही छायाचित्रे मी तेथे दाखविली. त्यांत एक पॅरिसचे होते. दिनांक २४ डिसेंबर २०१९, नाताळच्या आदला दिवस. पॅरिस ऑपेराच्या पाले गार्निए या भव्य नाट्यगृहाच्या दर्शनी पायऱ्यांवर, ऐन हिवाळ्यात, पांढरे टुटू ल्यालेल्या नर्तिका 'स्वान लेक' या बॅलेतील काही भाग उघड्यावर सादर करीत आहेत. सोबतीला ऑपेराचेच वादक आहेत आणि पाठीमागे 'पॅरिस ऑपेरा संपावर' व 'संस्कृती धोक्यात' असे फलक लागले आहेत. फ्रेंच सरकारच्या निवृत्तिवेतनविषयक धोरणाविरुद्ध देशभर जो संप चालू होता, त्यात या नर्तिकाही उतरल्या होत्या.

ते चित्र पाहून एक तरुण साथी म्हणाला, "सर, हा कसला संप? ह्या तर श्रीमंतांच्या दिवाणखान्यातल्या बाहुल्या. असले झगे घालणाऱ्यांनाही आपण आता कामगार म्हणायचे काय?" वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि पुढच्या चित्राकडे वळलो. घरी आल्यावर मात्र ते हसणे मला बोचू लागले. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने तरी त्या प्रश्नाला हसून बगल द्यायला नको होती. त्या साथीला तेव्हा जे उत्तर द्यायला हवे होते, ते आता जाहीरपणे देत आहे. कारण त्याच्या मनातला समज हा त्याच्या एकट्याचा नाही. आपल्या चळवळीत तो खोलवर रुजलेला आहे. जे सुंदर ते श्रीमंतांचे, आणि जे श्रीमंतांचे ते आपल्या विचाराच्या कक्षेबाहेरचे, असा तो समज आहे. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. टुटू हा कामाचा पोशाख आहे. गिरणी कामगाराची खाकी अर्धी चड्डी जितकी कामाची, तितकाच तोही कामाचा. तो ज्या श्रमासाठी घडला, त्या श्रमाची किंमत कोणी दिली आणि फळ कोणी खाल्ले, हा प्रश्न म्हणूनच आपला आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. टुटूचे मुख्य प्रकार दोन. एक पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, मऊ आणि तरल. त्याला रोमँटिक टुटू म्हणतात. दुसरा कमरेपासून बाहेरच्या बाजूला थाळीसारखा आडवा पसरणारा, पाय पूर्णपणे मोकळे ठेवणारा; तो क्लासिकल टुटू. या दुसऱ्या प्रकारात अंगाला घट्ट बसणारी चोळी असते, तिच्याखाली कमरेपासून नितंबांवर उतरणारा पट्टा असतो, त्याला चड्डी जोडलेली असते आणि तिच्यावर ओळीने जाळीचे दहा-बारा थर शिवलेले असतात. वरचे थर रुंद, खालचे क्रमाक्रमाने अरुंद. हे थर आतून सैल टाक्यांनी एकमेकांत गुंतवावे लागतात, नाही तर घेर फिसकटतो. त्यातले बरेचसे काम आजही हाताने होते. प्रयोग संपल्यावर घेर लोंबू नये म्हणून टुटू उलटा टांगतात किंवा आडवा ठेवतात. वाऱ्याच्या झुळकीसारखी भासणारी ही वस्तू शिंपीकामाच्या दृष्टीने असे जिकिरीचे यंत्रच आहे.

आता हा झगा असा का झाला ते पाहू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या रंगमंचावर स्त्रिया जड, घोळदार, जमिनीवर लोळणारे दरबारी पोशाख घालून नाचत असत. उंच उड्या आणि हवेत पाय झपाझप ओलांडण्याची करामत ही पुरुषांची मक्तेदारी होती. १७२६ साली पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर आलेल्या मारी कामार्गो या नर्तकीने ती करामत आत्मसात केली. पण लांब झग्याखाली ती दिसणार कशी? तेव्हा तिने झगा घोट्याच्या वर घेतला, असे नृत्याचे इतिहासकार सांगतात. त्यावर गदारोळ झाला. पण झगा वर गेला तो लाजलज्जा सोडून नव्हे. अंगी असलेले कौशल्य उघड करण्यासाठी गेला.

पुढे १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरामध्ये 'ला सिल्फीद' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. मारी ताल्योनी ही त्यातील वनदेवता. पायांच्या बोटांच्या अग्रावर तोल सांभाळीत ती जणू जमिनीला स्पर्श न करता वावरली. तिचा पांढरा, अर्धपारदर्शक, घंटाकार पोशाख यूजेन लामी याने आखला असे मानले जाते. आज आपण ज्याला टुटू म्हणतो त्याचा जन्म या प्रयोगाशी जोडला जातो. ताल्योनीची ती तरलता आभाळातून पडलेली नव्हती. तिच्या नृत्यशिक्षक बापाने व्हिएन्नात तिच्याकडून रोज सहा-सहा तास मेहनत करून घेतली होती. बोटांवर उभे राहण्यासाठी आजच्यासारखी टणक टोकाची पादत्राणेही तेव्हा नव्हती. साध्या साटिनच्या सपातांना टोकाशी रफू केलेले असे आणि बाकीचा सारा भार बोटांच्या हाडांवर.

तिसरा टप्पा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. इटलीच्या कठोर तालमीत तयार झालेल्या नर्तकी रशियात गेल्या. १८८५ साली सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हर्जीनिया झुक्कीने तेथील रीतीपेक्षा आखूड झगा घालण्याचा आग्रह धरला. पिएरीना लेन्यानीने एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेऊन दाखविल्या आणि १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये त्या कायमच्या येऊन बसल्या. असे काम करणाऱ्या पायाला पोटरीपर्यंतचा झगा आड येतो. म्हणून तो गुडघ्यावर गेला, मग मांडीवर, आणि विसाव्या शतकात थेट आडवा झाला.

या साऱ्या इतिहासात एक सूत्र आहे. तंत्र जसजसे अवघड होत गेले, तसतसा टुटू आखूड आणि कडक होत गेला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली निष्क्रिय धनिकवर्गाची जी प्रसिद्ध मीमांसा केली, तीत म्हटले आहे की श्रीमंत स्त्रीचा पोशाख ती काहीही उपयुक्त काम करीत नाही हे जगाला दाखविण्यासाठी असतो. घट्ट कंचुकी, उंच टाच, पायघोळ घागरा, हे सारे कामाला अडथळा करणारे, आणि अडथळा हीच त्यांची प्रतिष्ठा. या कसोटीला टुटू लावून पाहा. तो दिसायला ऐश्वर्याचा, पण त्याची घडण व्हेब्लेनच्या सिद्धान्ताच्या अगदी उलट. ज्या काळात प्रेक्षागृहात बसलेल्या सरदारपत्नीला घागऱ्यामुळे जिना चढणे अवघड होत होते, त्याच काळात रंगमंचावरची मुलगी तो घागरा कापून पाय मोकळा करीत होती. कारण तिला काम करायचे होते.

आता या झग्याच्या कापडाकडे वळू. कारण कापडाचा इतिहास हा आपल्या परिचयाचा, रक्ताळलेला इतिहास आहे. टुटूची जाळी पूर्वी हाताने विणली जाई आणि ती राजेरजवाड्यांनाच परवडे. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट याने १८०८ आणि १८०९ साली पेटंट घेऊन जाळी विणणारे यंत्र बनविले. लफबरो येथील त्याच्या कारखान्यावर १८१६ च्या जून महिन्यात एका रात्री लडाइट कामगारांनी हल्ला करून ५५ यंत्रे फोडली. त्या प्रकरणी कामगार फासावर गेले. हीथकोटने कारखाना उचलून दूर डेव्हन परगण्यात टिव्हर्टनला नेला. यंत्राची जाळी स्वस्त होत गेली आणि कवडीमोल मजुरीवर नाचणाऱ्या पोरींच्या संपूर्ण ताफ्याला थरावर थर चढविणे नाट्यगृहांच्या मालकांना परवडू लागले. शेकडो वार जाळीचा तो शुभ्र ढग रंगमंचावर उतरला तो यंत्रयुगाच्या पाठीवर बसून.

जाळीबरोबर टुटूला लागे ती मलमल. मलमल म्हटल्यावर भारतीय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ढाका आठवल्यावाचून राहत नाही. १७८७ मध्ये ढाक्याहून इंग्लंडला तीस लाख रुपयांची मलमल गेली आणि १८१७ मध्ये ती निर्यात पार थांबली, हे आकडे आपण विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. ढाक्याची लोकसंख्या दीड लाखावरून तीस-चाळीस हजारांवर आल्याचे चार्ल्स ट्रेव्हेलियन याने १८४० साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे सांगितले होते. टुटूने ढाका बुडविले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हास्यास्पद होईल. ढाका बुडविले ते कंपनी सरकारच्या जुलमाने, विषम जकातींनी आणि लँकेशायरच्या यंत्रांनी. परंतु ताल्योनी १८३२ साली वनदेवता होऊन अवतरली तेव्हा हलक्या पांढऱ्या कापडाची युरोपला जी चटक होती, ती मुळात बंगालच्या विणकराने लावलेली होती, आणि तो विणकर तोवर हातमाग मोडून शेतमजूर झाला होता. सौंदर्याच्या इतिहासात त्याचे नाव कोठे येत नाही. आपण तरी ते विसरू नये.

यानंतरचे प्रकरण आगीचे. पॅरिस ऑपेरात १८२२ साली गॅसचे दिवे आले. उघड्या ज्योती आणि हवेने फुललेली जाळी यांची जवळीक किती घातक हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी प्रेक्षकांसमोर पेटली आणि काही दिवसांत मरण पावली. १८६१ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाच्या एका नाट्यगृहात एकीचा झगा पेटला, तिला वाचवायला धावलेल्यांचेही पेटले, आणि गेल कुटुंबातील बहिणींसह किमान सहा नर्तिका दगावल्या.

सर्वांत बोलके उदाहरण एमा लिव्ह्रीचे आहे. ती खुद्द ताल्योनीची लाडकी शिष्या. १८६० साली ताल्योनीने तिच्यासाठी 'ल पापियों' हा बॅले बसविला. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने जळतात. कापड तुरटीसारख्या क्षारांच्या द्रावणात बुडवून ते चटकन पेट घेणार नाही असे करण्याची रीत तोवर माहीत झाली होती, आणि १८५९ सालच्या हुकुमाने फ्रान्समधील नाट्यगृहांवर तसे बंधनही घातले होते. पण द्रावणात बुडविलेली जाळी ताठर आणि मळकट दिसे. लिव्ह्रीने ती नाकारली. आपण नेहमीच्याच झग्यात नाचू आणि जे काही होईल त्याची जबाबदारी आपली, असे तिने व्यवस्थापनाला लेखी कळविले. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका तालमीत तिचा झगा गॅसच्या ज्योतीला लागला. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी तिने प्राण सोडला. वयाची एकवीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

येथे आमच्या व्यवसायातले काही पंडित पुढे सरसावतील आणि म्हणतील : पाहा, तिने स्वेच्छेने धोका पत्करला, निवड तिची होती. हा युक्तिवाद आपण आपल्या कारखान्यांत किती वेळा ऐकला आहे! प्रेसवर बोटे तुटली की मालक म्हणतो, संरक्षक जाळी कामगारानेच काढली होती. काढली हे खरेच असते. पण नगावर मजुरी मिळत असेल आणि जाळीने नग कमी निघत असतील, तर ती काढणारा हात कामगाराचा असला तरी काढविणारा हिशेब मालकाचा असतो. लिव्ह्रीची पत, तिची भूमिका, तिचा पगार हे सारे ती किती तरल दिसते यावर अवलंबून होते. मळकट झगा घालणारी नर्तकी मागे पडली असती आणि तिच्या जागी शुभ्र झगा घालणारी दुसरी उभी राहिली असती. अशा स्थितीत केलेल्या निवडीला स्वातंत्र्य म्हणणे ही अर्थशास्त्राची विटंबना आहे. सुरक्षिततेचा नियम सर्वांवर सारखा बसला आणि तो पाळून घेणारी यंत्रणा असली, तरच कोणाला सुरक्षिततेची किंमत एकट्याने मोजावी लागत नाही. कारखाना कायद्याचे सारे तत्त्वज्ञान एवढ्यात आहे.

आता प्रेक्षकांकडे वळू. १८३१ ते १८३५ या काळात पॅरिस ऑपेराचा कारभार लुई व्हेरों या धंदेवाईक गृहस्थाकडे होता. नर्तिका जेथे अंग मोकळे करीत, तो पडद्यामागचा कक्ष त्याने बड्या वर्गणीदारांना खुला केला. वर्गणी भरणारा धनिक तेथे येऊन मुली न्याहाळू शके, ओळख वाढवू शके, आणि पुढे काय होई ते सांगायला नको. ताफ्यातील मुलींचे पगार इतके तुटपुंजे होते की अशा 'आश्रयदात्या'वाचून अनेकींचे भागत नसे. 'टुटू' हा शब्दच त्या वातावरणाची साक्ष देतो. १८८०च्या सुमारास रूढ झालेला हा शब्द पार्श्वभागवाचक ग्राम्य फ्रेंच शब्दाचे लाडिक, बालिश रूप असावे असे कोशकार मानतात. वस्तू घडविली कामाच्या गरजेने; तिला नाव पडले ते बघ्यांच्या नजरेने.

त्याच काळात एदगार देगा या चित्रकाराने मारी व्हान गोथेम नावाच्या मुलीला समोर उभे करून मेणाची एक मूर्ती घडविली आणि तिला खरा टुटू नेसविला. १८८१ च्या प्रदर्शनात ती 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' म्हणून मांडली गेली. मारीची आई धोबीण, बाप बेल्जियमहून आलेला शिंपी. अशा घरच्या मुलींना ऑपेरात 'छोटे उंदीर' म्हणत. समीक्षकांनी त्या मूर्तीला माकडाची उपमा दिली. गरिबाघरच्या पोरीचा चेहरा त्यांना गुन्हेगाराचा वाटला. दुसऱ्याच वर्षी, १८८२ साली, तालमींना गैरहजर राहिल्याबद्दल मारीला ऑपेरातून काढून टाकण्यात आले. त्यानंतर ती इतिहासाच्या कागदपत्रांतून जवळजवळ नाहीशी होते. देगाच्या मृत्यूनंतर त्या मूर्तीच्या कांस्य प्रती ओतल्या गेल्या. त्यांतली एक २०२२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या लिलावात चार कोटी सोळा लाख डॉलरना गेली. वरकड मूल्य म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एवढे वाचल्यावर आपला साथी म्हणेल, "म्हणजे मी म्हणालो तेच खरे! हा पोशाख शोषणाचा आहे, तर तो फेकूनच द्यायला हवा." हा विचारही जगात करून झालेला आहे. क्रांतीनंतर ऑपेरा आणि बॅले ही निव्वळ जमीनदारी संस्कृती आहे असे लेनिनचे मत होते, आणि १९२२ च्या सुरुवातीस बोल्शोय नाट्यगृहाचा खर्च छाटून टाकण्याचा आग्रह त्याने धरला होता. शिक्षणखाते सांभाळणाऱ्या लुनाचार्स्कीने हिरिरीने प्रतिकार केला आणि बोल्शोय वाचले. चीनमध्ये १९६४ साली 'स्त्रियांची लाल तुकडी' हा बॅले आला. त्यात टुटूला रजा दिली गेली आणि नर्तिका अर्ध्या चड्डीत, हातात बंदुका घेऊन, पण त्याच टणक टोकाच्या पादत्राणांवर नाचल्या. पोशाख बदलला. त्या नर्तिकांना काय नाचावे, काय बोलावे हे ठरविण्याचा अधिकार मिळाला काय? नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मोजक्या मान्यताप्राप्त प्रयोगांपलीकडे काही करण्याची कोणाचीच प्राज्ञा नव्हती. उलट सोव्हिएत सत्तेने टुटू राखला आणि त्याचे भुलीचे औषध केले. ब्रेझनेव्ह, आंद्रोपोव्ह, चेर्नेन्को वारले तेव्हा दूरचित्रवाणीवर बॅले आणि गंभीर संगीत. ऑगस्ट १९९१ मध्ये रणगाडे मॉस्कोत शिरले तेव्हा पडद्यावर 'स्वान लेक'च्या हंसिनी. मार्च २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर एका स्वतंत्र रशियन वाहिनीला प्रक्षेपण थांबवावे लागले, तेव्हा तिने शेवटी त्याच हंसिनी दाखविल्या आणि लोकांना त्याचा अर्थ बरोबर कळला. तात्पर्य, झगा घालण्याने गुलामी येत नाही आणि तो उतरविल्याने मुक्तीही येत नाही. प्रश्न आहे तो सत्तेचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. टुटूने एका विशिष्ट देहाला आदर्श ठरविले : कृश, लांब आणि गोरा. 'ला बायादेर' या १८७७ च्या रशियन बॅलेची नायिका भारतीय देवदासी; मृत्यूनंतर तिच्या छाया पांढऱ्या टुटूत रांगेने अवतरतात. खऱ्या देवदासींचे एक पथक पुदुच्चेरी परिसरातून १८३८ साली पॅरिसला नेण्यात आले होते, पण त्यांची कला बॅलेच्या 'देवदासी'ला काही शिकवू शकली नाही. आपल्याच काळात, २०२० साली, बर्लिनच्या सरकारी बॅलेतील पहिल्या कृष्णवर्णीय नर्तकीने, क्लोए लोपेस गोमेश हिने, हंसिनीच्या ताफ्यात शोभावे म्हणून आपल्याला अंगाला पांढरा रंग लावण्यास सांगितले गेले, असे जाहीरपणे सांगितले. परंतु येथेही उत्तर शोधले ते त्या पेशातल्याच लोकांनी. १९६९ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आर्थर मिचेल यांनी कृष्णवर्णीयांची बॅले संस्था उभारली, आणि तिथल्या नर्तिकांनी पुढे गुलाबी मोजे-पादत्राणे टाकून आपापल्या कातडीच्या रंगाची वापरण्याचा पायंडा पाडला. टुटू त्यांनी टाकला नाही. त्यावरचा गोऱ्यांचा मक्ता मोडला.

मग या झग्याचे आकर्षण दोनशे वर्षे टिकले तरी कशाने? बाजार म्हणतो, ते स्त्रीत्वाचे चिरंतन स्वप्न आहे. आणि गुलाबी नायलॉनचे झगे चार वर्षांच्या मुलींना विकतो. मला वाटते, कारण वेगळे आहे. नर्तकी गिरकी थांबविते, पण तिचा झगा क्षणभराने थांबतो. ती उडी घेते आणि जाळीचे थर तिच्यामागून उचलले जातात. त्या अर्ध्या क्षणाच्या अंतरात देहाचे वजन नाहीसे झाल्याचा भास होतो. त्याच वेळी आडव्या थाळीखाली दोन पाय पूर्णपणे उघडे असतात : एकही चूक लपविता येत नाही, एकही स्नायू आळशी राहू शकत नाही. वर भार नसल्याचा भास आणि खाली भार पेलणारे श्रम, अशी दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवणारा दुसरा पोशाख मला ठाऊक नाही. माणसाचे कौशल्य पराकोटीला गेले की श्रम खेळासारखा दिसू लागतो, आणि श्रम असा व्हावा हे तर समाजवादाचे जुने स्वप्न. त्या भासाला भुलून श्रम विसरणे हा मालकाचा स्वार्थ आहे. त्या भासाचा तिरस्कार करून श्रमच नाकारणे ही आपली चूक आहे.

आता परत पॅरिसच्या त्या पायऱ्यांवर जाऊ. पॅरिस ऑपेराची निवृत्तिवेतनाची योजना १६९८ सालची, चौदाव्या लुईच्या काळातली. तीनुसार नर्तक बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होतात, कारण लहानपणापासून झिजलेले सांधे त्यापुढे साथ देत नाहीत. सरकारला ही सवलत मोडून सर्वांना एकाच चौकटीत बसवायचे होते. संप चिघळताच सरकारने तोडगा काढला : आज नोकरीत असलेल्यांना धक्का लावणार नाही, २०२२ पासून भरती होणाऱ्यांनाच नवा नियम लागू करू. म्हणजे पायऱ्यांवर नाचणाऱ्या एकीचेही काही जाणार नव्हते. तरीही त्यांनी तो तोडगा फेटाळला. आपण एका दीर्घ परंपरेचा छोटासा दुवा आहोत आणि पुढच्या पिढीचा बळी देणारी पिढी होण्यास आमची तयारी नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, सरकारने ती योजना स्थगित केली.

हाच तोडगा आपल्याकडेही आला होता. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत येणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद केले. आधीच्यांना हात लावला नाही. मी आधीच्यांपैकी. त्या वर्षी आम्ही प्राध्यापक मंडळींनी काय केले? ठराव केले, चहा प्यालो आणि घरी गेलो. जे अजून भरतीच झालेले नाहीत त्यांच्यासाठी कोणी खडू खाली ठेवला नाही, मीही नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातील लाखो कर्मचारी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेले, तेव्हा त्यांतले कितीतरी असे होते की ज्यांच्यासाठी अठरा वर्षांपूर्वी आम्ही संप करायला हवा होता. दर महिन्याला माझ्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होते तेव्हा हा हिशेब मला चुकविता येत नाही.

अभ्यासवर्गात मला प्रश्न विचारणारा तो साथी तासिका तत्त्वावर शिकवितो. त्याला निवृत्तिवेतन तर दूरच, उन्हाळ्याच्या सुटीचा पगारही नाही. ज्यांना तो बाहुल्या म्हणाला, त्या त्याच्यासारख्या माणसासाठी, म्हणजे उद्या कामावर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी, थंडीत उभ्या होत्या; आणि ज्याला तो आदराने सर म्हणाला, तो त्याच्यासाठी उभा राहिला नव्हता. त्या दिवशी त्याला हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढच्या वर्गात ते छायाचित्र मी पहिल्यांदा दाखवीन आणि आधी माझा हिशेब मांडीन.